पाळक, पिस्तूल आणि रविवारची उपासना

न्यूयॉर्क राज्याचा नवा शस्त्रकायदा १ सप्टेंबर २०२२ रोजी, गुरुवारी, लागू झाला. पुढचा रविवार ४ तारखेला आला. आदल्या रविवारपर्यंत राज्यातले काही पाळक कोटाआड परवान्याचं पिस्तूल बाळगून उपासना चालवत होते आणि त्यात बेकायदा काही नव्हतं. ४ तारखेला तेच पिस्तूल घेऊन आपल्याच चर्चचा उंबरा ओलांडणं हा चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा झाला होता. परवाना शाबूत होता. फक्त प्रार्थनास्थळ आता कायद्याच्या भाषेत ‘संवेदनशील ठिकाण’ ठरलं होतं.

या पाळकांपैकी एक मायकेल स्पेन्सर. पेनसिल्व्हेनियाच्या सीमेजवळ, शेमंग काउंटीतल्या हॉर्सहेड्स या छोट्या गावात त्यांचं ‘हिज टॅबर्नॅकल फॅमिली चर्च’ आहे. त्यांनी आणि चर्चने मिळून राज्याविरुद्ध दावा लावला. धर्मश्रद्धा आणि स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क एकाच प्रकरणात इतके गुंतलेले क्वचितच सापडतात. कोर्टाने हा गुंता ज्या रीतीने सोडवला, ती रीत या विषयावरच्या बहुतेक वादांपेक्षा मला शहाणपणाची वाटते. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

कायदा कुठून आला

न्यूयॉर्कमध्ये पिस्तुलासाठी परवाना १९११ पासून लागतो. ते लपवून सोबत बाळगायचं तर ‘योग्य कारण’ दाखवावं लागे. मला भीती वाटते, माझा भाग वाईट आहे, एवढं पुरत नसे. इतरांपेक्षा वेगळा धोका सिद्ध करावा लागे. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही अट घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलेल्या या ‘ब्रूएन’ निकालाने पुढच्या सगळ्या शस्त्रकायद्यांसाठी एक कसोटी घालून दिली. दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या, शब्दांत बसणाऱ्या वर्तनावर निर्बंध घालायचा असेल, तर तसा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत होता हे सरकारने दाखवायचं. विधिमंडळं, मतदान केंद्रं, न्यायालयं अशा जागी शस्त्रबंदी परंपरेला धरून आहे, हे निकालाने मान्य केलं. मात्र गर्दी असते म्हणून सगळं मॅनहॅटन संवेदनशील म्हणता येणार नाही, असंही बजावलं.

राज्य सरकार स्वस्थ बसलं नाही. विधिमंडळाचं खास अधिवेशन झालं आणि १ जुलैला गव्हर्नर कॅथी होकल यांनी नव्या कायद्यावर सही केली. बागा, प्राणिसंग्रहालयं, ग्रंथालयं, नाट्यगृहं, दारूचे बार, मेट्रो, टाइम्स स्क्वेअर अशा ठिकाणांची लांबलचक यादी त्यात आली. त्याच यादीत उपासनेची प्रत्येक जागा होती. चर्च, सिनेगॉग, मशीद, गुरुद्वारा, मंदिर, सगळं. क्वीन्सच्या फ्लशिंगमधल्या ज्या गणपती मंदिरात तिकडची मराठी कुटुंबं सणावाराला जातात, त्यालाही हाच नियम.

सूट कोणाला होती, हे बारकाईने पाहायला हवं. पोलीस, निवृत्त पोलीस, सैनिक आणि कामावर असलेले नोंदणीकृत सशस्त्र सुरक्षारक्षक यांना बंदी नव्हती. म्हणजे पगारी रक्षक परवडणाऱ्या मोठ्या चर्चची अडचण फारशी नव्हती. पंचवीस-तीस माणसांच्या गरीब मंडळीत स्वतःचं परवान्याचं पिस्तूल घेऊन दाराशी उभा राहणारा वडीलधारा मात्र गुन्हेगार ठरणार होता. कायदा करणाऱ्यांच्या मनात हा भेद असेल असं मला वाटत नाही, पण परिणाम तोच झाला.

दोन कृष्णवर्णीय पाळक आणि एक जुना इतिहास

स्पेन्सर यांच्या आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, नायगारा फॉल्सच्या ट्रिनिटी बॅप्टिस्ट चर्चचे जिमी हार्डवे आणि बफेलोचे बिशप लॅरी बॉइड कोर्टात गेले. दोघेही कृष्णवर्णीय. त्यांच्या भीतीला नाव-गाव होतं. १७ जून २०१५ रोजी साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या ‘मदर इमॅन्युएल’ चर्चमध्ये बुधवारच्या बायबल अभ्यासाला एक गोरा तरुण आला. मंडळीने त्याला आपल्यात बसवून घेतलं. जवळजवळ तासभर तो त्यांच्यात बसला आणि मग त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. बॉइड यांच्या बफेलो शहरात १४ मे २०२२ रोजी, म्हणजे कायदा लागू होण्याच्या साडेतीन महिने आधी, एका वर्णद्वेष्ट्याने सुपरमार्केटमध्ये दहा कृष्णवर्णीयांचा जीव घेतला होता.

आता ‘ब्रूएन’ची कसोटी. चर्चमधल्या शस्त्रबंदीची परंपरा दाखवा, असं कोर्टाने म्हटल्यावर राज्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कायदे पुढे केले. १८७० साली टेक्सास आणि जॉर्जियाने धार्मिक सभांमध्ये शस्त्र नेण्यावर बंदी घातली होती. मिसुरी आणि व्हर्जिनियानेही त्याच दशकात तसे कायदे केले. जिल्हा न्यायाधीश जॉन सिनात्रा यांना हे पुरेसं वाटलं नाही. मूळ घटनादुरुस्ती १७९१ची, हे कायदे जवळपास ऐंशी वर्षांनंतरचे आणि मोजक्या राज्यांचे. ३ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांनी प्रार्थनास्थळांवरची ही बंदी अमलात आणायला राज्याला अंतरिम मनाई केली.

याहून मागे गेलं तर वेगळंच चित्र दिसतं आणि ते नीट पाहिल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. वसाहतींच्या काळात चर्चमध्ये शस्त्र नेण्यावर बंदी तर नव्हतीच, कित्येक ठिकाणी ते नेण्याची सक्ती होती. व्हर्जिनियाच्या १६१९च्या पहिल्याच विधानसभेने रविवारी उपासनेला येताना तलवार, बंदूक, दारूगोळा सोबत आणा, असं फर्मावलं. तिथे भीती मूळ रहिवाशांच्या हल्ल्याची होती. दक्षिणेत ती गुलामांची झाली. रविवार हा गोऱ्या मळेवाल्यांचा देवळाचा दिवस आणि गुलामांचा तुलनेने मोकळा दिवस. साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठचा मोठा उठाव झाला तोही रविवारीच, ९ सप्टेंबर १७३९ रोजी. त्याच्या आदल्याच महिन्यात तिथे गोऱ्या पुरुषांना चर्चला सशस्त्र जाण्याची सक्ती करणारा कायदा मंजूर झाला होता. जॉर्जियाच्या १७७०च्या कायद्याच्या नावातच गोऱ्या पुरुषांनी उपासनेच्या जागी बंदुका नेण्याचं बंधन लिहिलेलं आहे.

त्या बंदुका हार्डवे आणि बॉइड यांच्या पूर्वजांवर रोखलेल्या होत्या. अडीचशे वर्षांनी तेच दोघे, आपल्या माणसांना गोऱ्या वर्चस्ववाद्यांपासून वाचवायचं म्हणून, चर्चमध्ये शस्त्र नेण्याचा हक्क मागतात आणि त्यांच्या बाजूचा ऐतिहासिक पुरावा म्हणून हे गुलामगिरीच्या काळातले कायदे हाताशी येतात. ‘परंपरा’ ही कायद्याची कसोटी म्हणून किती अपुरी आहे, हे याहून ठळकपणे दिसणं अवघड. ज्या काळात निम्म्याहून अधिक माणसांना हक्कच नव्हते, त्या काळाला ‘इथे काय चालायचं’ असं विचारायचं आणि आलेलं उत्तर सगळ्यांना लावायचं, हे मला पटत नाही. दोघा पाळकांचा दावा न्याय्य आहे. तो तोलायला घेतलेला तराजू मात्र सदोष आहे.

स्पेन्सर यांचा वेगळा मुद्दा

हॉर्सहेड्सच्या दाव्याने दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या जोडीला पहिली घटनादुरुस्ती आणली. तीच धर्माचरणाच्या स्वातंत्र्याची. स्पेन्सर यांचं म्हणणं असं: पाळक हा मंडळीचा मेंढपाळ आहे. कळपाचं रक्षण, शारीरिक रक्षणही, ही त्याला देवाने नेमून दिलेली जबाबदारी आहे. ती पार पाडायला राज्य मला माझ्याच चर्चमध्ये अडवतंय.

मराठी बायबल वाचणाऱ्याला ही प्रतिमा परकी नाही. तेविसाव्या स्तोत्रातला परमेश्वर मेंढपाळ आहे आणि त्याच्या हातात काठी आहे. नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमचा तट बांधणारे एका हाताने काम करतात आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरतात. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, तलवार नसेल त्याने झगा विकून ती घ्यावी. पण त्याच रात्रीच्या मत्तयाच्या वृत्तांतात तलवार उपसणाऱ्या शिष्याला तो ती म्यानात घालायला लावतो. या दोन वचनांत कोणतं जड, यावर ख्रिस्ती परंपरा शतकानुशतकं विभागलेली आहे. पेनसिल्व्हेनियातले आमिश लोक प्रतिकारच नाकारतात. २ ऑक्टोबर २००६ रोजी निकेल माइन्सच्या त्यांच्या शाळेत एकाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या, पाच मुली गेल्या. त्यानंतर आमिश माणसं त्या मारेकऱ्याच्या घरी सांत्वनाला गेली, त्याच्या दफनविधीलाही उभी राहिली. पवित्र शास्त्र तेच, पण त्यातून मिळालेलं कर्तव्य अगदी उलटं.

मग खरं ख्रिस्ती कर्तव्य कोणतं, हे न्यायाधीशाने ठरवायचं का? मुळीच नाही, आणि अमेरिकी कोर्टं त्यात पडतही नाहीत. श्रद्धा प्रामाणिक आहे का, एवढंच ती पाहतात. स्पेन्सर यांच्या श्रद्धेच्या खरेपणावर वाद झाला नाही.

नुसती श्रद्धा पुरत नाही, हेही तितकंच खरं. १९९० च्या ‘स्मिथ’ निकालापासून नियम असा आहे की कायदा सगळ्यांना सारखा लागू असेल आणि धर्माला लक्ष्य करत नसेल, तर धार्मिक कारणासाठी त्यातून सूट मागता येत नाही. त्या प्रकरणात मूळ अमेरिकी विधीत पेयोटी हे मादक द्रव्य घेणाऱ्यांना कोर्टाने संरक्षण नाकारलं होतं. पण राज्य काही ऐहिक व्यवहारांना मोकळीक देतं आणि तशाच धार्मिक व्यवहाराला देत नाही असं दिसलं, की चित्र पालटतं. मग राज्याला कठोर तपासणीला सामोरं जावं लागतं: हेतू अत्यंत महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी निवडलेला उपाय नेमका आहे, हे सिद्ध करावं लागतं. कोविडच्या काळातल्या घरगुती प्रार्थनासभांवरच्या निर्बंधांविषयीच्या २०२१च्या ‘टँडन’ आदेशाने हा नियम आणखी धारदार केला.

न्यूयॉर्कचा कायदा नेमका इथे अडकला. यादीबाहेरच्या खाजगी जागांबद्दल त्यात तरतूद होती की मालकाची परवानगी असेल तर शस्त्र नेता येईल. न्यायाधीश सिनात्रा यांनी निकालात उदाहरणं दिली: केस कापण्याची दुकानं, मॉल, पेट्रोल पंप, ऑफिसं. या सगळ्यांच्या मालकांना ‘आमच्याकडे चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ म्हणण्याची मुभा. चर्चला नाही. २९ डिसेंबर २०२२ रोजी स्पेन्सर यांच्या बाजूनेही राज्याला तशीच अंतरिम मनाई झाली.

राज्याचं उत्तर अगदी टाकाऊ नव्हतं. नाट्यगृहाच्या मालकालाही निवड नाही, बारच्या मालकालाही नाही. मग चर्चवर खास अन्याय कसा? हा प्रश्न मला बराच काळ सतावत राहिला. माणसं ओळीने बसलेली, लक्ष समोर, बाहेर पडायची दारं मोजकी. या अर्थी नाट्यगृह हे पेट्रोल पंपापेक्षा चर्चच्या जवळचं आहे. पण ‘टँडन’चा नियम सांगतो की काही ऐहिक जागांना तितकंच वाईट वागवलं, ही सबब चालत नाही. आणि नाट्यगृहाच्या मालकाने आपली श्रद्धा आड येते असं म्हटलेलं नाही. हा फरक लहान नाही.

अपीलाचा निकाल

न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्धचे चार दावे दुसऱ्या सर्किटच्या, म्हणजे न्यूयॉर्क ज्याच्या कक्षेत येतं त्या संघराज्यीय, अपील न्यायालयात एकत्र ऐकले गेले. दरम्यान मे २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा थोडा सैल केला: प्रार्थनास्थळाच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली आहे, त्यांना बंदी लागू नाही. हार्डवे आणि बॉइड यांची मुख्य तक्रार त्याने मिटली.

८ डिसेंबर २०२३ रोजी तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने २६१ पानांचा निकाल दिला. बागा, प्राणिसंग्रहालयं अशा बहुतेक ठिकाणची बंदी टिकली. अर्जदाराच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची माहिती मागणारं कलम टिकलं नाही. स्पेन्सर, त्यांचं चर्च आणि त्याची मंडळी यांच्यापुरती राज्याला केलेली मनाई मात्र कायम राहिली, आणि ती केवळ धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर. उपासनेच्या जागी शस्त्र नेणं हा दुसऱ्या घटनादुरुस्तीचा हक्क आहे का, याचं उत्तर खंडपीठाने दिलं नाही. गरजच नाही म्हणाले. धार्मिक संस्थांचं हित जपण्यासाठी हा कायदा, असं राज्य म्हणत होतं. पण शस्त्राला परवानगी द्यावी की नाही हे ठरवण्याची मुभाच काढून घेतल्याने त्या संस्थांचं हित कसं साधतं, हे खंडपीठाला दिसलं नाही.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. ‘धर्म मला पिस्तूल देतो’ हा दावा कोर्टाने स्वीकारला नाही आणि फेटाळलाही नाही. त्याने एवढंच म्हटलं की जो निर्णय तू केस कापणाऱ्या दुकानदाराला घेऊ देतोस, तो मंडळीला घेऊ दे. याचा दुसरा अर्धा भाग शस्त्रप्रेमी लोक सहसा सांगत नाहीत. ज्या चर्चला शस्त्र नको, त्याचा नकारही याच तत्त्वाने सुरक्षित राहतो. आमिश सभेला आपला उंबरा निःशस्त्र ठेवायचा तर तोही तिचाच निर्णय.

आपल्याकडची व्यवस्था शेजारी ठेवून पाहिली तर फरक स्पष्ट होतो. भारतात शस्त्र बाळगणं हा घटनात्मक हक्क नाही; १९५९च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारा तो परवाना आहे. पण संविधानाच्या २५व्या कलमाचं पहिलं स्पष्टीकरण सांगतं की कृपाण धारण करणं शीख धर्माच्या आचरणात मोडतं. नांदेडच्या हजूर साहिबला गेलेल्या कोणालाही शस्त्र आणि श्रद्धा यांचं ते नातं डोळ्यांनी दिसतं. गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं तिथे पूज्य आहेत. अमृतधारी शिखासाठी कृपाण ही धर्माची खूण. ती काढली तर आचरण अपुरं राहतं. स्पेन्सर यांचं पिस्तूल तसं नाही. ते उद्या घरी राहिलं तरी त्यांच्या उपासनेत उणीव येत नाही. उणीव येते ती, त्यांच्या मते, मंडळीला राखण्याच्या कर्तव्यात. त्यामुळे कृपाणाची उपमा देऊन ‘बंदूक हा ख्रिस्ती धर्माचा भाग’ म्हणणारे लोक दोन वेगळ्या गोष्टी एक करतात आणि त्यात शीख परंपरेचंही अवमूल्यन होतं.

शस्त्राने खरंच रक्षण होतं का, याचं एकच उत्तर घटना देत नाहीत. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेक्सासच्या व्हाइट सेटलमेंट गावातल्या वेस्ट फ्रीवे चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी एकाने बंदूक काढली. चर्चच्या स्वयंसेवी सुरक्षा पथकातल्या जॅक विल्सन यांनी सहा सेकंदांत त्याला एका गोळीत पाडलं. तेवढ्या वेळात दोन माणसं गेलीच. त्यांतला एक पथकातलाच, स्वतःचं पिस्तूल काढू पाहणारा. विल्सन नेमबाजी शिकवणारे, पूर्वी पोलिसांसोबत काम केलेले. चित्रफितीत मंडळीतल्या आणखी काही जणांनी पिस्तुलं उपसलेली दिसतात, आणि गर्दीत त्यांच्यातला एखादा घाबरून चुकला असता तर काय, या विचाराने अंगावर काटा येतो. बफेलोच्या सुपरमार्केटमध्येही सशस्त्र रक्षक होते, निवृत्त पोलीस आरन सॉल्टर. त्यांनी गोळी झाडली, ती हल्लेखोराच्या चिलखतावर अडली आणि सॉल्टर यांचाच जीव गेला. विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात ५ ऑगस्ट २०१२ रोजी अध्यक्ष सतवंतसिंग कालेका हातात सुरी घेऊन बंदूकधाऱ्याला भिडले आणि मारले गेले.

म्हणून निर्णय मंडळीचा असावा हे मान्य करताना, तो निर्णय घेणाऱ्या प्रत्येक मंडळीकडून मला काही अपेक्षा आहेत. शस्त्र कोणाकडे आहे हे वडील मंडळींना माहीत असावं. त्या माणसाने सराव केलेला असावा आणि राग आवरणारा अशी त्याची ओळख असावी. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहण्याची नजर बदलू नये. चार्ल्सटनच्या मंडळीने त्या तरुणाला जवळ बसवलं, ती त्यांची चूक नव्हती. तो त्यांचा धर्म होता. खिशातल्या पिस्तुलामुळे पुढच्या अनोळखी माणसाला, विशेषतः वेगळ्या रंगाच्या किंवा फाटक्या कपड्यांतल्या माणसाला, कोणी जवळ बसवेनासं झालं, तर हल्लेखोराशिवायच बरंच काही हरवेल. याबाबत कोणतंही कोर्ट काही करू शकत नाही.

२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ‘रहीमी’ या नव्या शस्त्रनिकालाच्या प्रकाशात पुन्हा विचार करा म्हणून, या कायद्याविरुद्धचं प्रकरण परत पाठवलं. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी अपील न्यायालयाने जवळपास तोच निष्कर्ष पुन्हा काढला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या विरोधकांचा पुढचा अर्ज ऐकायला नकार दिला. स्पेन्सर यांना मिळालेली मनाई एका चर्चपुरती होती. राज्यातल्या बाकी सगळ्या चर्चना, मशिदींना, सिनेगॉगांना, गुरुद्वारांना आणि मंदिरांना २०२३चा दुरुस्त नियम लागू आहे: सुरक्षेची जबाबदारी असलेल्यांना शस्त्र चालतं, बाकी भाविकांना, परवाना असला तरी, चालत नाही. कोणाला सुरक्षेचा माणूस म्हणायचं, त्याची नेमणूक लेखी हवी की पाळकाने तोंडी सांगितलं तरी पुरे, हे प्रश्न आता त्या त्या मंडळीच्या वकिलांपुढे आहेत.